एका नारळाचा कारखाना

आमच्या बाईंच्या पाटीवर नावापेक्षा नकार मोठ्या अक्षरांत होता. वर बारीक अक्षरांत नाव, त्याखाली बी.ए., एलएल.बी., आणि मग ठसठशीत तांबड्या रंगात: 'जमीन, घटस्फोट, मारामारी घेतली जाणार नाही.' धामणकर नाक्यावर, सुताच्या दुकानावरच्या माळ्यावर ही पाटी होती. खालून जाणारे लोक मान वर करून ती वाचत आणि हसत. 'मग घेतलं तरी काय जाणार?' असं माझ्या वडिलांनी मला विचारलं होतं, मी नवी कोरी सनद घेऊन बाईंच्या हाताखाली जायचं ठरवलं तेव्हा. वडील नगरपालिकेत हेडक्लार्क. त्यांच्या मते वकिली म्हणजे जमीन, घटस्फोट आणि मारामारीच. बाकी सगळी समाजसेवा.

घेतलं जायचं ते एवढंच: फंड, बोनस, ग्रॅच्युइटी. नोकरी करणाऱ्या माणसाला पगार सोडून आणखी जे काही मिळायला हवं, ते सगळं बाईंचं खातं. पगाराचं भांडणसुद्धा त्या घ्यायच्या नाहीत. "पगाराला युनियन आहे, पुढारी आहेत, मोर्चे आहेत. पगारानंतरच्याला कोण आहे? मी!" असं म्हणून त्या स्वतःच्या छातीवर बोट ठेवायच्या. भिवंडीत त्यांना सगळे 'फंडवाल्या बाई' म्हणत. सत्तरच्या दशकातली ती वर्षं. ग्रॅच्युइटीचा कायदा दिल्लीत होऊन गेला होता, पण भिवंडीत अजून पोचायचा होता. तो पोचवायचा मक्ता आपल्याकडेच आहे, असं बाईंनी परस्पर ठरवून टाकलेलं.

आज माझी स्वतःची पाटी आहे, केस पांढरे झालेत, आणि ठाण्याच्या कोर्टात तरुण पोरं मला वाकून नमस्कार करतात. कोणाकडे शिकलात म्हणून विचारलं की मी छाती पुढे काढून सांगतो. समोरच्याला नाव ठाऊक नसतं. मग मला राग येतो आणि मी त्याला बसवून घेऊन सांगायला लागतो. आता तुम्ही सापडलात.

बाई अंगाने काटकुळ्या, उंचीने माझ्या खांद्याला. फिक्या रंगाची सुती साडी, काळा कोट, पायांत पुरुषी चपला आणि काखेत छत्री, उन्हाळा असो की हिवाळा. कपाळ मोकळं. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला होता. तो एका छापखान्यात कंपोझिटर होता. तो गेल्यावर मालक घरी आला, दारातच उभं राहून एक पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, "वहिनी, हे काही तुमचं बसत नाही हं, पण आपलं माणुसकीच्या नात्याने." बाईंनी ते घेतलं, कारण घरात दुसरं काही नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना आवाज अजिबात चढला नाही. "पैसे घेतले त्याचं दुःख नाही रे. 'तुमचं बसत नाही' म्हणाला ना, ते लागलं." त्यानंतर सासरी राहून, शाळेत शिकवून, बाहेरून परीक्षा देत देत त्या वकील झाल्या.

ग्रॅच्युइटी म्हणजे काय हे समजावण्याची त्यांची एक पद्धत होती. कलमं-बिलमं नाहीत. कामगार समोर बसला की विचारायच्या, "तुझी लेक माहेराहून सासरी निघाली, की तिची आई काय करते?"

"ओटी भरते," तो म्हणायचा.

"ती भीक असते का?"

"छे छे, बाई!"

"मग तू एवढी वर्षं एका दारात राबून निघालास तर तुझी ओटी नको भरायला? ती शेठची मेहेरबानी नव्हे. रीत आहे. आणि आता सरकारने त्या रीतीवर शिक्का मारलाय. ऊठ, अंगठा कर."

मालक आला तरी हेच ऐकवायच्या. बाप्यांची ओटी भरायची कल्पना ऐकून काही शेठ लाजायचे, काही चिडायचे. एक जण म्हणाला, "बाई, मग खणपण द्यायचा का?" बाई म्हणाल्या, "कायद्यात नाही. पण मनात असेल तर द्या, मी अडवणार नाही."

त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. चांगली, हातांची, गादीची खुर्ची अशिलाला. मोडकी बाईंना. मी खिडकीच्या कट्ट्यावर. खिडकीतून मागच्या गल्लीतल्या लूमचा खटाक-खटाक आवाज दिवसभर आत यायचा. बाहेरगावचा माणूस आला की कानांवर हात घ्यायचा. बाईंचं उलटं. शुक्रवारी लूम बंद, भिवंडी गप्प. त्या दिवशी बाईंचं डोकं दुखायचं. एक वाक्य धड सांगता यायचं नाही. "छे! कोणी मेल्यासारखं वाटतंय," म्हणून त्या मला घरी पाठवायच्या. माझी साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची होती ती अशी.

लग्नकार्याला मात्र बाईंना बोलवावं की नाही, हा लोकांना प्रश्न पडायचा. आमच्या आळीत हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलवत नसे, ते त्या काळच्या रीतीप्रमाणे. त्या दिवशी त्या ऑफिसात बसून मला तारस्वरात अर्ज सांगायच्या, एवढा मोठा आवाज की खालचा सूतवाला वर बघायचा. मी ओळखायचो, पण बोलायची छाती नव्हती. लग्नाला मात्र त्या बोलावणं आलं की हटकून जायच्या, आणि आहेर म्हणून पाकिटात घालून फंडाचा कोरा नामनिर्देशनाचा फॉर्म द्यायच्या.

निजामपुऱ्यातल्या एका निकाहला मीही बरोबर होतो. नवरा मुलगा सायझिंगमध्ये कामाला, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावायच्या कारखान्यात. सेहरा बांधून बिचारा घामाने डबडबलेला. बाई थेट त्याच्यासमोर जाऊन उभ्या. त्यांचं हिंदी ऐकणं ही एक शिक्षाच होती.

"ए नवरदेव, फंड में किसका नाम डाला है?"

"जी? भाईजान का."

"कायको? शादी हुआ ना अभी? शादी हुआ तो पहिला नाम आपोआप रद्द हो गया. भाईजान का काम खतम. कल कारखाने में जाने का और बीवी का नाम डालने का. क्या?"

शामियाना खदाखदा हसला. भाईजान जवळच पुलावाचं ताट घेऊन उभा होता, त्याचा चेहरा पडला. नवऱ्याची आई कुरकुरली, "बाईजी, आज के दिन मरने-वरने की बात..." बाई म्हणाल्या, "अम्मा, आज के दिनही बोलने का. दुसरे दिन कौन सुनता है?" पडद्याआडून नवरी मुलगी फिस्सकन हसली, ते मात्र मी ऐकलं.

पोराने दुसऱ्या दिवशी खरंच नाव बदललं, बाईंच्या भीतीने म्हणा. आणि पुढे दोन पावसाळेही गेले नाहीत, तो तापाने गेला. त्या मुलीला फंड मिळाला, तोही वाद न होता. त्यानंतर निजामपुऱ्यात फंडाच्या फॉर्मला कोणी हसलं नाही. उलट पत्रिका द्यायला आलेले लोक म्हणायचे, "बाईजी, वो कागज लाना मत भूलना."

आणि साहेबलोकांचीही कामं यायची बरं का. आग्रा रोडवर एका मोठ्या कंपनीची गोदामं होती. तिथला एक अधिकारी एकदा गाडीतून उतरून, नाकाला रुमाल लावून जिना चढून आला. कंपनीच्या चार-पाच वरच्या साहेबांसाठी निवृत्तीची वेगळी योजना करायची होती. पेन्शन जास्त, बंगला चालू, गाडी चालू, विम्याचा हप्ता कंपनीचा. मुंबईतले वकील फार फी मागत होते आणि बाईंचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "सगळं आलं. फक्त वर गेल्यावरचा प्रवासभत्ता राहिला."

अधिकाऱ्याला हसावं की रागवावं कळेना. पण बाईंनी काम घेतलं. आठ दिवस बसून असा मसुदा केला की त्यात सुई शिरायला जागा नव्हती. मी तो टाइप केला आणि थक्क झालो. या बाई मुंबईत फोर्टला बसल्या असत्या तर चार गाड्या दारात असत्या! मसुद्याच्या शेवटी मात्र एक कलम होतं: हीच योजना, आपापल्या पगाराच्या मानाने, गोदामातल्या हमालांना आणि पहारेकऱ्यांनाही लागू राहील. अधिकारी म्हणाला, हे कलम काढा. बाई म्हणाल्या, ते काढलं तर माझी सहीही काढा. योजना मुंबईच्या वकिलाकडे गेली. फी बुडाली. मी दोन दिवस फुरंगटून बसलो होतो, कारण त्या फीमधून पंखा येणार होता. बाईंनी मला पुठ्ठा दिला आणि म्हणाल्या, "घे वकील, वारा घे. हा साहेबापासून हमालापर्यंत सगळ्यांना लागू आहे."

हे सगळं खरं, पण बाई म्हटल्या की मला आधी आठवते ती जनीबाई.

जनीबाई गणेशपुरीकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन भिवंडीत आली आणि एका शेठच्या लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला लागली. धोट्यात जी कांडी बसते, तिच्यावर सूत भरायचं काम. खिडकीखाली एक कांडीचं मशीन, त्याच्यासमोर जनीबाई. तिची पोरं मोठी झाली, शेठचे केस पिकले, खिडकीचे गज गंजले, जनीबाई तिथेच. मग सुताच्या तुसाने छाती भरली. खोकला सुटेना, हात मंदावला. एक दिवस मेहताजीने, म्हणजे शेठच्या कारकुनाने, सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. बस्स. एवढ्या वर्षांचं एवढंच.

बाईंनी तिला गादीच्या खुर्चीत बसवलं. ती टोकाला टेकली.

"शेठला भेटलीस का?"

"भेटली ना. मी म्हनली, शेट, काय तरी द्याल का? तं त्यो बोलला, जनी, तुला त्यो कायदा लागूच न्हाय."

"लागू नाही म्हणाला?" बाईंनी चश्मा काढला. हे लक्षण मला ठाऊक होतं.

लागू का नाही, ते कळायला आम्ही दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. बाईंचा तो नियम होता. कारखाना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि तिथल्या माठातलं पाणी प्यायल्याशिवाय दावा लावायचा नाही. लांबलचक शेड, एक दार, एक मोटर, एक माठ, एक मेहताजी. आणि जमिनीवर चुन्याच्या तीन रेघा. भिवंडीत हे घरोघरचं. दहा माणसं झाली की कायदा लागू होतो, आणि एका मालकाकडे पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क, म्हणून कागदावर कारखान्याचे तुकडे करायचे. पहिल्या रेघेपर्यंत शेठचा कारखाना, पुढचा शेठच्या बायकोचा, त्यापुढचा भावाचा, शेवटचा मेव्हण्याचा. प्रत्येकात माणसं आठ नाहीतर नऊ. जनीबाई कागदावर थोडी वर्षं शेठकडे, थोडी बायकोकडे, मग भावाकडे, मग मेव्हण्याकडे. पाच वर्षं कुठेच पुरी नाहीत. तिला पत्ताच नाही. ती आपली खिडकीखाली कांड्या भरत होती.

बाईंनी एक पाय एका रेघेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे ठेवला. छत्री टेकली.

"शेठ, मी आत्ता कोणाच्या कारखान्यात उभी आहे?"

शेठ मोकळा हसला. माणूस वाईट नव्हता हो. "बाई, तुम्ही पाव्हण्या. कुठेही उभ्या राहा. चहा घेणार?"

दावा दाखल झाला, आणि आठवड्याच्या आत चुन्याच्या रेघांवर विटांच्या भिंती उठल्या. दारं चार झाली. पाट्या चार लागल्या. मोटरी वेगळ्या झाल्या, माठसुद्धा चार आले! आम्ही पाहिलेलं सगळं पुसलं गेलं. कारागिरांना साक्षीला विचारलं तर ते मान खाली घालायचे. त्यांनाही पोरंबाळं होती. मी तर हातपाय गाळले. बाईंना म्हटलं, आता काय उरलं आपल्याकडे?

बाईंनी जनीबाईला परत बोलावलं आणि तिच्याशी गप्पा मारायला लागल्या. कायद्याचं अक्षर नाही. सकाळी झाडू कोण मारायचं? होळीला सुट्टी असायची का? दसऱ्याला काय मिळायचं?

"दसऱ्याला? पेडा मिलतो, आनि नारलाचा तुकडा. पन त्यो क्येवढा? येक नारल, आनि खानारी चालीस त्वांडा. नखायेवढा तुकडा येतो बाय हातात!"

"एकच नारळ? सगळ्या शेडला?"

"येकच. दर सालाला येकच. शेटच फोडतो."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग मला म्हणाल्या, "वकील, आज लवकर घरी जा." मी समजलो, बाईंनी हाय खाल्ली. अहो, असं वाटणारच की!

सुनावणी ठाण्याला, कामगार कोर्टाच्या न्यायाधीशसाहेबांपुढे होती. एसटीत बाई खिडकीशी बसून झोपल्या, जनीबाई आणि मी जागे. जनीबाईने पदराच्या गाठीत गणेशपुरीचा अंगारा आणला होता, तो तिने माझ्याही कपाळाला लावला. तिला पैसे किती मिळणार याचा हिशेब ती एकदाही करत नव्हती. एकच म्हणत होती, "बाबा, मी हितं कामाला व्हती येवढा तरी त्यानी म्हनावा. मी व्हतीच ना?" एवढी वर्षं जिथे काढली, तिथे आपण होतो हेच कागदाने पुसलेलं. हरलो असतो तर तिचं तेच हरलं असतं.

शेठचा वकील मुंबईचा. त्याने शेठकडून छान पढवून घेतलेलं वदवलं: चार मालक, चार कारखाने, संबंध काही नाही. साहेबांनी मान डोलावली. मग बाई उलटतपासणीला उठल्या. कागद हातात नाही. आवाज असा, की जणू शेजारणीकडे विरजण मागायला आल्यात.

"शेठ, दसऱ्याला पूजा छान झाली म्हणे यंदा?"

शेठ खुलला. "हो तर! दरवर्षी होते. आमचे वडील करायचे, तेव्हापासून."

"चारही कारखान्यांत?"

"हो हो."

"मग काय, चार नारळ फोडले असतील?"

शेठने कानांना हात लावले. "छे छे, बाई! काय बोलता? एकच! एका घरात दोन नारळ फोडले की घर फुटतं. आमच्या आईचा दंडक आहे. आजवर मोडला नाही."

मुंबईचा वकील मोठ्यांदा खोकला. शेठने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. देवाधर्माचा विषय निघाला होता आणि त्यात तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "घर फुटू नये. मग प्रसाद कोणाकोणाला देता?"

"सगळ्यांना. कारागीर, हमाल, कांडीवाल्या बायका. सगळी आपलीच माणसं."

"या जनीबाईलाही?"

शेठने तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या दिवसात पहिल्यांदाच नीट पाहिलं. "जनीला? अहो, तिला तर पहिल्यापासून! आई स्वतः द्यायची तिला."

"पहिल्यापासून. एकाच नारळाचा. एवढंच विचारायचं होतं," म्हणून बाई खाली बसल्या.

साहेबांनी लिहून घेतलं, लिहिता लिहिता त्यांच्या मिशीत हसू आलं. तोवर शेठच्याही डोक्यात प्रकाश पडला होता. तो पिंजऱ्यात उभा राहून स्वतःच्याच शब्दांकडे बघत राहिला. आणि मी? मी कोर्टात टाळी वाजवायच्या बेतात होतो. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. विटांच्या भिंती, चार पाट्या, चार माठ, मुंबईचा वकील, सगळं एका बाजूला, आणि खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा दुसऱ्या बाजूला. हे माझ्या बाईंचं काम. माझ्या!

निकाल जनीबाईच्या बाजूने लागला. चारही कारखाने मिळून एकच, आणि जनीबाई तिथे सलग कामाला होती, असं साहेबांनी स्वच्छ लिहिलं. बाहेर व्हरांड्यात शेठ बाईंना गाठून म्हणाला, "बाई, देवाला मध्ये आणलंत."

"मी कुठे आणला? तुम्हीच चार कारखान्यांत एक ठेवलात. मी फक्त त्याला नमस्कार केला."

मुंबईचा वकील त्याला सांगत होता, अपील करू, आणि येत्या दसऱ्याला आठवणीने चार नारळ फोडा. शेठ त्याच्यावर असा खेकसला की व्हरांड्यातले लोक वळून पाहायला लागले. "तुमच्या कायद्यासाठी माझं घर फोडू?" अपील झालं नाही. शेठने पैसे दिले, आणि पुढे जे जे कामगार सोडून गेले त्यांचेही न भांडता दिले. आमच्या भिवंडीचा माणूस असा आहे. कागद चार करील, नारळ चार करणार नाही.

आठ-दहा दिवसांनी दुपारची जनीबाई ऑफिसात आली. अंगावर नवं लुगडं, हातात पिशवी. बाई अर्ज तपासत होत्या. "बस गं," म्हणाल्या. ती बसली नाही. पिशवीतून तिने खण काढला, तांदळाचं पुडकं काढलं, आणि एक नारळ काढला. चांगला शेंडीचा, पाणीदार.

"उठा बाय. तुमची वटी भरायची हाय."

बाईंचा पेन थांबला. मी खिडकीच्या कट्ट्यावर होतो, तिथून उठून बाहेर जावं की नाही ते मला कळेना. बाईंचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत होतो. न्यायाधीशांसमोर, मालकांसमोर, गुंडांसमोर. तो असा कधी झाला नव्हता.

"अगं, वेडी का तू?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा करायला गेल्या, जमला नाही. "माझी ओटी भरत नाहीत. आमच्यात ते चालत नाही. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाव हाय."

"मग?"

जनीबाई नारळ छातीशी धरून उभी होती. तिला खोकल्याची उबळ आली, ती तिने थोपवली.

"शेटबी आसाच म्हनला व्हता, बाय. तुला लागू न्हाय."

मागच्या गल्लीतल्या लूमचा आवाज तेवढा चालू होता. मग बाईंनी चश्मा काढून टेबलावर ठेवला, कोट काढून त्या मोडक्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि उभ्या राहिल्या.

"लागू आहे," बाई म्हणाल्या, आणि पदर पुढे केला.